चिंच लावू नका

“काका, चिंचेनं घासू की टूथपेस्टनं?”

लेस्टरशरमध्ये राहणाऱ्या एका मराठी तरुणाचा रविवारी संध्याकाळी फोन आला, तो या प्रश्नानंच सुरू झाला. दुपारी तो बायको-मुलाला घेऊन पाऊलवाटेनं फिरायला गेला होता. वाटेच्या दोन्ही अंगांना नुकतीच नांगरट झालेली, आदल्या रात्रीच्या पावसानं ढेकळं धुऊन निघालेली. आठ वर्षांच्या मुलाला नांगराच्या एका तासाच्या कडेला काहीतरी करडं, चपटं दिसलं. त्याला वाटलं, बाटलीचं झाकण असेल. उचललं तर त्यावर एका बाईचा चेहरा आणि तिच्या डोक्यामागे एक फूल.

त्यानं पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पहिल्या एलिझाबेथ राणीचं सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनीचं चांदीचं नाणं. मागच्या बाजूला ढाल आणि ढालीच्या वर १५७३ हा आकडा, पुसट पण वाचता येण्याजोगा. मी त्याला म्हटलं, “ते आधी हातातून खाली ठेव. मऊ कागदावर ठेव. काहीही लावू नकोस, पाणीसुद्धा नको. आणि मला सांग, नेमकं कुठे सापडलं?”

तो म्हणाला, “असंच, शेतात.”

या दोन शब्दांमुळेच हा लेख लिहायला बसलो. इंग्लंडात आता आपली कितीतरी कुटुंबं मोठ्या शहरांबाहेर, शेताला लागून असलेल्या वस्त्यांत राहतात. शनिवार-रविवारी माणसं चालायला बाहेर पडतात. मुलांच्या वाढदिवसाला मेटल डिटेक्टर भेट म्हणून येतो. मी स्वतः बरीच वर्षं ते यंत्र घेऊन शेतं फिरतो आहे, आणि माझ्या हातून सुरुवातीला जे बिघडलं ते तुमच्या हातून बिघडू नये एवढीच कळकळ आहे. म्हणून ही विनंती. जुनं नाणं सापडलं तर ते घासू नका, आणि जागा लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आधी घासण्याबद्दल. आपल्या घरांत चांदी काळी दिसली की हात आपोआप चिंचेकडे, लिंबाकडे, राखेकडे जातो. लक्ष्मीपूजनाचं नाणं लख्ख असलं पाहिजे, निरांजन चमकलं पाहिजे, हे आपण आईच्या, आजीच्या हाताखाली शिकलो. ते घरातल्या चांदीला ठीक आहे. साडेचारशे वर्षं मातीत राहिलेली चांदी मात्र वेगळी वस्तू होऊन बसलेली असते. त्या काळच्या चांगल्या इंग्रजी नाण्यात ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं असे. जमिनीतल्या ओलीनं आणि क्षारांनी त्यातलं तांबं हळूहळू झिरपून बाहेर निघतं. नाणं वरून धड दिसलं तरी आतून ठिसूळ झालेलं असतं, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. चिंचेचं आम्ल त्या भेगांत शिरतं आणि आत उरलेलं तांबं खात सुटतं. टूथपेस्टमध्ये घासण्यासाठीच घातलेली बारीक पूड असते, तिनं राणीच्या केसांच्या बटा आणि कॉलरच्या चुण्या पुसून जातात. वरचा काळपट थर चांदी आणि गंधक यांच्या संयोगानं झालेला असतो. जुन्या नाण्यांचे जाणकार तो थर पाहूनच खूश होतात, कारण त्याच्याखाली ठसा जसाच्या तसा राहिलेला असण्याची शक्यता असते.

वाकलेलं नाणं सरळ करू नका, हे तर मी हात जोडून सांगतो. मला सापडलेलं ट्यूडर राजघराण्याच्या काळातलं पहिलं नाणं आठव्या हेन्रीचं हाफ-ग्रोट होतं, दोन पेनीचं. नखाएवढ्या जाडीचं, जरासं दुमडलेलं. मी ते घरी आणलं, टूथपेस्ट लावून घासलं आणि मग दोन्ही अंगठ्यांनी अलगद दाबून सपाट करायला गेलो. कट् असा आवाज झाला. दोन तुकडे. नांगराच्या फाळाखालून, ट्रॅक्टरच्या चाकांखालून जे वाचलं होतं ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोडलं. नाणं दुमडलेलं होतं, तेही कदाचित मुद्दाम असेल. इंग्लंडात मध्ययुगात आजारपणात किंवा संकटात एखाद्या संताला नवस बोलताना नाणं वाकवून ठेवण्याची चाल होती. आपण मारुतीपुढे सव्वा रुपया बाजूला काढून ठेवतो, तसंच. माझं नाणं तसं होतं की नांगरानं दुमडलं होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तेव्हा माती असेल तर मातीसकट ठेवा. कडेनं धरा, पृष्ठभागाला बोट लावू नका. कागदाच्या छोट्या पाकिटात किंवा चार भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी एका कडक डबीत ठेवा. चिकटपट्टी लावू नका. नाण्यांच्या अल्बमचे जुन्या पद्धतीचे मऊ, वास येणारे पीव्हीसीचे कप्पे टाळा, त्यांतून निघणारी द्रव्यं धातूला खातात.

आता हे नाणं असतं तरी कसं, ते थोडं सविस्तर सांगतो. हातात काय आलंय हे कळलं की ते जपावंसं आपोआप वाटतं.

आपण मराठीत ‘नाणं पाडणं’ म्हणतो. ट्यूडर काळातलं नाणं खरोखरच घाव घालून पाडलेलं असे. चांदी वितळवून तिच्या पट्ट्या ओतायच्या, त्या ठोकून पत्रा करायचा, पत्र्याचे गोल तुकडे कापायचे, वजन बरोबर येईपर्यंत कडा छाटायच्या. मग लाकडाच्या ओंडक्यात रोवलेल्या खालच्या ठशावर तो तुकडा ठेवायचा, वरचा ठसा हातात धरून त्याच्यावर टेकवायचा आणि हातोडा हाणायचा. खालच्या ठशावर राजाचा किंवा राणीचा चेहरा, वरच्यावर ढाल आणि क्रूस. घाव तिरका बसला की एका बाजूची अक्षरं उमटत नसत. तुकडा हलला की चेहरा दुहेरी दिसे. म्हणून हातानं पाडलेली दोन नाणी कधी हुबेहूब सारखी नसतात. डिटेक्टर घेऊन फिरणारे लोक यांना नुसतं ‘हॅमर्ड’ म्हणतात, आणि “आज एक हॅमर्ड मिळालं” हे वाक्य ऐकलं की भोवतीचे सगळे हातातलं काम टाकून पाहायला येतात. आपल्याकडची शिवराईही ठशावर घाव घालूनच पाडलेली, त्यामुळे मराठी माणसाला ही वाकडी कड आणि अर्धवट अक्षरं परकी वाटू नयेत.

एलिझाबेथच्या काळातच यंत्रावर नाणी पाडून पाहिली गेली. एलॉय मेस्ट्रेल नावाचा फ्रेंच कारागीर १५६१ साली टॉवर ऑफ लंडनमधल्या टांकसाळीत यंत्र घेऊन आला. त्याची नाणी गोल, रेखीव, देखणी होती. पण काम संथ, आणि हातोडा चालवणाऱ्या जुन्या कारागिरांचा विरोध. दहाएक वर्षांत ते यंत्र बंद पडलं. पुढे खोटी नाणी पाडल्याच्या आरोपावरून १५७८ मध्ये मेस्ट्रेलला फाशी झाली. हातोड्याचा शेवट इंग्लंडात १६६२ मध्ये झाला.

नाण्यावरचं प्रत्येक चिन्ह काहीतरी सांगतं. राणीच्या डोक्यामागचा गुलाब नुसता शोभेचा नव्हता. एलिझाबेथच्या काळात चांदीची इतकी वेगवेगळी नाणी एकाच वेळी चालत होती की आकार एकमेकांत मिसळून जात. म्हणून सहा पेनी, तीन पेनी, दीड पेनी आणि पाऊण पेनी यांवर गुलाब, आणि त्यांच्या मधल्या नाण्यांवर गुलाब नाही, अशी खूण ठेवली. अक्षर न वाचता येणाऱ्या बाजारकऱ्यालाही नाणं ओळखू यावं म्हणून. अक्षरांच्या सुरुवातीला एक बारीक चिन्ह असतं. त्या मुलाच्या नाण्यावर ओकच्या झाडाचं फळ होतं. दुसऱ्या एखाद्या नाण्यावर बाणाचं टोक असेल, लोकरीचं गाठोडं असेल. टांकसाळीतल्या नाण्यांचा कस आणि वजन ठरावीक काळानं अधिकाऱ्यांसमोर तपासलं जाई, आणि कोणतं नाणं कोणत्या तपासणीच्या मुदतीतलं हे त्या चिन्हावरून कळे. नाणं हलकं निघालं तर टांकसाळीच्या प्रमुखाला जाब द्यावा लागे. ही तपासणी लंडनमध्ये आजही दरवर्षी होते.

कस सांभाळण्याची ही धडपड का, तर त्यामागे एक दुखणं होतं. एलिझाबेथच्या वडिलांनी, आठव्या हेन्रीनं, युद्धांसाठी पैसा कमी पडू लागला तेव्हा १५४४ पासून नाण्यांतली चांदी कमी करून तांबं वाढवलं. काही वर्षांत नाण्यात एक तृतीयांश चांदी उरली, आणि मुलगा सहावा एडवर्ड याच्या काळात १५५१ मध्ये ती पावापर्यंत खाली आली. त्या नाण्यांवर हेन्रीचा चेहरा समोरून होता. वापरात नाक आधी झिजे आणि तिथे तांबं उघडं पडे. लोकांनी राजाचं नाव ठेवलं ‘तांबडनाक्या’. बाजारात भाव चढले, मजुरीचे पैसे पुरेनासे झाले. एलिझाबेथनं १५६० आणि १५६१ मध्ये ही हिणकस नाणी परत घेऊन शुद्ध चांदीची नवी पाडली. म्हणून तिचं सिक्सपेन्स हातात आलं की ते माझ्यासाठी नुसतं नाणं उरत नाही. मजुराला पुन्हा खरी चांदी मिळू लागली, त्याची ती साक्ष असते. सिक्सपेन्स म्हणजे त्या काळच्या साध्या मजुराची अंदाजे एका दिवसाची कमाई. ते शेतात पडलं तेव्हा कुणाचा तरी जीव हळहळला असेल. अंधार पडेपर्यंत शोधलं असेल.

ओघात आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या इतिहासाला जाऊन भिडते. ३१ डिसेंबर १६०० रोजी याच राणीनं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पूर्वेकडच्या बंदरांत एलिझाबेथला कुणी ओळखत नव्हतं, तिथे विश्वास होता तो स्पॅनिश चांदीवर. म्हणून कंपनीसाठी स्पॅनिश नाण्यांच्या वजनाला जुळतील अशी खास चांदीची नाणी लंडनमध्ये पाडली गेली. किल्ल्याच्या दारावर सोडायच्या लोखंडी जाळीचं चित्र त्यांच्यावर होतं. सिक्सपेन्स पाडणाऱ्या टांकसाळीतूनच आपल्याकडच्या समुद्रांत येऊ पाहणारा पैसाही निघाला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जागा.

नाणं कुठल्या शेतात, शेताच्या कुठल्या अंगाला सापडलं हे माहीत नसेल तर हातात उरते ती तीनएक ग्रॅम चांदी. असं झिजलेलं सिक्सपेन्स बाजारात बहुधा शंभर पौंडांच्या आतच जातं, त्यामुळे लॉटरी लागल्यासारखं कुणी वागू नये. त्याचं खरं मोल ते जिथे पडलं तिथे आहे. का, ते लेस्टरशरच्याच एका उदाहरणावरून सांगतो, त्या मुलाच्या घरापासून फार लांब नाही.

ट्यूडर घराण्याची सत्ता सुरू झाली ती २२ ऑगस्ट १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईनं. तिसरा रिचर्ड तिथे पडला आणि सातवा हेन्री राजा झाला. इतकी महत्त्वाची लढाई, पण ती नेमकी कुठे झाली यावर वाद होता. एक टेकडी परंपरेनं रणभूमी मानली जायची, तिथे पर्यटकांसाठी केंद्रही उभं राहिलं. मग पुरातत्त्व अभ्यासकांनी आजूबाजूची शेतं मेटल डिटेक्टरनं काही वर्षं पद्धतशीर पिंजून काढली. प्रत्येक वस्तू कुठे मिळाली त्याचा बिंदू नकाशावर मांडत गेले. शिशाचे गोळे मिळाले, तोफांतून आणि हातबंदुकांतून सुटलेले. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला एक छोटा रानडुक्कर मिळाला. रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह, त्याच्या जवळची माणसं ते अंगावर लावत. बिंदू जुळत गेले आणि खरी रणभूमी त्या टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटरवर निघाली. आता विचार करा, त्या आधीच्या पन्नास वर्षांत कुणी हौशी माणसानं त्याच शेतातून असेच पाच-दहा गोळे उचलून, धुऊन, फडताळात ठेवले असते आणि “असंच, शेतात” एवढंच सांगितलं असतं, तर नकाशावर तेवढे बिंदू कायमचे कमी झाले असते.

एकट्या नाण्यालाही हेच लागू आहे. एका शेतात एक सिक्सपेन्स, शेजारच्या शेतात दोन पेनीचं नाणं, पलीकडे कपड्याचं एक बक्कल, असं पन्नास वर्षांत साठत गेलं की कळतं, इथून बाजाराची वाट जात होती, किंवा इथे जत्रा भरत होती. कागदपत्रांत त्याचा उल्लेखही नसतो. कधी उत्तर साधंच असतं. गावातला केरकचरा आणि शेणखत गाड्यांतून शेतावर नेऊन टाकत, आणि घरात हरवलेलं नाणं त्या खताबरोबर शेतात येई. तेही कळणं महत्त्वाचं आहे.

म्हणून सापडल्या जागी उभं राहूनच फोन काढा. नकाशात खूण करा आणि त्या पडद्याचा फोटो घ्या. ब्रिटनच्या सरकारी नकाशांची स्वतःची चौकटींची पद्धत आहे, दोन अक्षरं आणि पुढे आकडे. आठ आकडे लिहिलेत तर जागा दहा मीटरच्या चौकोनात येते, दहा आकडे लिहिलेत तर एक मीटरच्या. कागदावर तारीख, गावाचं नाव, शेताच्या कुठल्या बाजूला, किती खोलवर, एवढं लिहा आणि तो कागद नाण्याच्या डबीतच ठेवा. लक्षात राहील असं समजू नका. माझ्या त्या मोडलेल्या हाफ-ग्रोटचं शेत मला आज आठवत नाही. त्या सुमारास मी एकाच गावातल्या चार शेतांत फिरत होतो.

मग ते दाखवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना चालू आहे, इंग्लंडात ती ब्रिटिश म्युझियम पाहतं. जवळपास प्रत्येक काउंटीसाठी त्यांचा एक फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो, बहुधा तिथल्या वस्तुसंग्रहालयात किंवा काउंटीच्या कचेरीत बसणारा. तुम्ही वस्तू घेऊन जा, ते वजन करतात, मोजतात, फोटो काढतात, नोंद करतात आणि वस्तू परत देतात. पैसे घेत नाहीत. आतापर्यंत पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद त्यांच्याकडे झाली आहे आणि ती कुणालाही पाहता येते. नेमकी जागा मात्र सर्वांना दाखवत नाहीत, म्हणजे रात्री चोरून खणणारे त्या शेतावर येऊन धडकू नयेत. “आपण परदेशातून आलेले, उगीच सरकारी लोकांकडे कशाला जायचं,” असं मला काही जण बोलून दाखवतात. ही भीती मनातून काढून टाका. तुम्ही कुठून आलात हे तिथे कुणी विचारत नाही, वस्तू कुठून आली एवढंच विचारतात. मी आजवर गेलो तेव्हा मला चहा मिळाला आहे आणि नवीन काहीतरी शिकायला मिळालं आहे.

कायद्याचं थोडं काळजीपूर्वक वाचा. पाऊलवाटेवरून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण वाटेवर किंवा शेतात सापडलेली वस्तू तुमची होत नाही. ती साधारणपणे शेतमालकाची. मुलानं उचललं म्हणून ते मुलाचं, असं नाही. म्हणून आधी शेतमालकाला शोधून त्याला दाखवा. डिटेक्टर घेऊन जायचं असेल तर त्याची परवानगी हवीच, शक्य तर लेखी, आणि शेत खंडानं दिलेलं असेल तर कसणाऱ्याचीही. जे काही सापडेल त्याचं काय करायचं, हेही आधीच ठरवून घ्या. गावाचं मैदान, सार्वजनिक बाग, समुद्रकिनारा यांनाही मालक असतो. थेम्सच्या काठावर तर परवाना काढावा लागतो. सरकारनं संरक्षित केलेल्या प्राचीन स्थळावर परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे, शेतमालक हो म्हणाला असला तरी. जाण्यापूर्वी नकाशावर ते स्थळ आहे का ते पाहा. खणलेला खड्डा बुजवा, उभ्या पिकात पाय घालू नका.

एकटं चांदीचं नाणं इंग्लंड आणि वेल्समध्ये सहसा कायद्यानं ‘ट्रेझर’ ठरत नाही. पण एकाच ठिकाणी तीनशे वर्षांहून जुनी, दहा टक्क्यांवर चांदी किंवा सोनं असलेली दोन नाणी मिळाली तर ती ठरू शकतात. मग चौदा दिवसांच्या आत कळवणं बंधनकारक असतं. न कळवल्यास दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणाला कळवायचं ते लिएझन ऑफिसर सांगतात, बहुतेक वेळा पुढचे कागद तेच करतात. वस्तुसंग्रहालयाला ती हवी असतील तर तज्ज्ञांची समिती किंमत ठरवते आणि रक्कम बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांत निम्मी-निम्मी वाटली जाते. म्हणून एका नाण्याशेजारी दुसरं दिसलं की तिथेच थांबा. ही दोन नाणी एकत्रच पडली की निरनिराळ्या वेळी, याचा निवाडा आपण करू नये. नांगराच्या खोलीखाली काही लागलं तर खणू नका, जागा झाका आणि फोन करा. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळे आहेत. तिथे सापडलेल्या जुन्या वस्तूंवर राजसत्तेचा हक्क असतो, एकटं नाणंही कळवावं लागतं. उत्तर आयर्लंडमध्ये जुन्या वस्तू शोधायला परवाना लागतो. सुटीत तिकडे जाताना डिटेक्टर गाडीत टाकण्याआधी चौकशी करा.

थांबल्यानं काय हाती लागतं, ते सफकमधल्या हॉक्सन गावात दिसलं. १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधून द्यायला आलेल्या मित्राच्या डिटेक्टरला आधी चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी लागली. त्यानं सगळं उपसून काढलं नाही. थोडं वर आलं तेव्हा थांबला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वखात्याच्या लोकांनी येऊन ते अलगद उकललं. रोमन काळातली पंधरा हजारांच्या आसपास नाणी आणि दागिने, भांडी पेटीत कशी रचून ठेवली होती, हेही त्यामुळे कळलं. १७.५ लाख पौंडांचं बक्षीस मिळालं आणि त्यानं ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याउलट २०१५ मध्ये हेरफर्डशरमधल्या लेम्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला. त्यांनी कळवलं नाही, नाणी गुपचूप विकायला काढली. सुमारे ३०० नाणी असावीत, हाती लागली ती तीसएक. दोघांना २०१९ मध्ये लांबलचक तुरुंगवास झाला. मला त्यांच्या शिक्षेपेक्षा जास्त वाईट वाटतं ते न सापडलेल्या नाण्यांचं. जी थोडी मिळाली त्यांवरूनच त्या काळातल्या दोन राजांच्या परस्परसंबंधांबद्दलची जुनी समजूत बदलावी लागली. उरलेल्यांत काय होतं?

आपल्या लोकांना आणखी एक सांगायचं आहे. ‘आजोबांना नाण्यांची हौस आहे, दिवाळीला जाताना पुण्याला घेऊन जाऊ’ असा विचार मनात येणं अगदी साहजिक आहे. पण ब्रिटनच्या जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्यात परवान्याचे नियम आहेत. विचारल्याशिवाय सामानात टाकू नका. आजोबांना नोंदीचा छापील कागद आणि मोठे फोटो द्या. आणि हेच सगळं गावाकडच्या भावंडांनाही सांगा. सोलापूर, सातारा, नाशिककडे नांगरताना शिवराया निघतात, कधी चांदीची नाणी भरलेलं मडकं निघतं. तिथे १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांवरच्या किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सोनाराकडे वितळवलेल्या मडक्याबरोबर त्या गावाचा एक पुरावा नाहीसा होतो.

काही वाचकांच्या घरात असं नाणं आधीच असेल. दहा वर्षांपूर्वी सापडलेलं, घासून लख्ख केलेलं, मुलांच्या खेळण्यांच्या डब्यात पडलेलं. वेळ गेली म्हणून गप्प बसू नका. आठवतं तेवढं लिहा, कोणतं गाव, कोणती वाट, कुठला महिना, आणि ते घेऊन लिएझन ऑफिसरकडे जा. माझे ते दोन तुकडेही मी असेच घेऊन गेलो होतो. त्यांनी दोन्ही तुकडे जोडून ठेवले, फोटो काढला आणि नोंद केली. जागेच्या रकान्यात फक्त गावाचं नाव लिहिलं.

तो लेस्टरशरचा तरुण पुढच्या शनिवारी मुलाला घेऊन त्याच वाटेनं गेला. मुलानं जागा दाखवली, कुंपणाच्या फाटकापासून पावलं मोजून. बापानं तिथे उभं राहून दहा आकडे टिपले. मग दोघं शेतमालकाच्या दारात गेले. त्यानं चष्मा लावून नाणं उलटंसुलटं पाहिलं आणि आत जाऊन बायकोला बोलावून आणलं. नोंद झाल्यावर नाणं मुलानं ठेवावं असं त्यानंच सांगितलं, फक्त नोंदीच्या कागदाची एक प्रत मला आणून द्या, म्हणाला.